ऑनलाइन प्रदर्शनात चित्राचा आकार कसा कळणार?

प्रश्न: वीस वर्षं जलरंगात काम करतेय, पण कुठल्याही दालनाने दार उघडलं नाही. आता फक्त स्त्री चित्रकारांच्या एका ऑनलाइन प्रदर्शनात माझी सहा चित्रं आहेत. पडद्यावर हातभर आणि वीतभर चित्र सारखंच दिसतं. काय करू?

उत्तर: अभिनंदन! माप सेंटीमीटरमध्ये द्या. शेजारी खुर्ची ठेवून एक फोटो घ्या. कागदाचा पोत दिसेल असा जवळचा फोटोही हवाच.

आणखी एक: नाव, साल, माध्यम प्रत्येक चित्राखाली लिहा. सतराव्या शतकातल्या यूडिथ लेस्टर या डच चित्रकर्तीची चित्रं तिच्याच काळातला नामांकित डच चित्रकार फ्रान्स हाल्स याच्या नावावर विकली जात होती. १८९३मध्ये तिची सही ओळखली गेली, तेव्हा कुठे ती पुन्हा उजेडात आली.

प्रश्नकर्ती: मी सही मागे करते! आजच मागच्या बाजूंचेही फोटो काढते.