आईबापांपैकी एकानं मूल परदेशातून उचलून आणलं की तो 'घरचा मामला' कसा होतो?

एडिसनवासी

नावगाव वगळून लिहितो. समोरच्या अपार्टमेंटमधला माझा मित्र तेलुगू, बायको पुण्याची. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये ती मुलीला घेऊन भावाच्या लग्नाला पुण्याला गेली. परतीची तिकिटं ऑगस्टची. त्या दिवशी नुअर्क विमानतळावर मी त्याच्यासोबत होतो. मागच्या सीटवर मुलीची खुर्ची बसवून आणली होती. त्या फ्लाइटची माणसं संपली, एअर होस्टेससुद्धा बाहेर पडल्या, तरी या दोघींचा पत्ता नाही. रात्री मेसेज आला की आम्ही आता इथेच राहणार, पुढचं वकिलाशी बोल.

मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती, आता साडेसहाची आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. मामा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतो आणि बाजूलाच बसून राहतो, त्याचा गुडघा दिसतो स्क्रीनवर. पाच मिनिटं झाली की 'नेट जातंय' म्हणून कॉल बंद. मुलीला इंग्रजी कळतं पण बोलत नाही, तेलुगू पार विसरली. बोलते ती अस्सल पुणेरी मराठी, जी तिच्या बापाला येत नाही. म्हणून मी शेजारी बसतो. ती म्हणते, "काका, बाबांना सांग ना, मी गॅदरिंगमध्ये ससा झाले होते." मग मी बापाला इंग्रजीत सांगतो. बाप आणि लेक यांच्यात दुभाषा लागतोय आणि तिकडे सगळे म्हणतात, घरचा मामला आहे, मध्ये पडू नका.

१९८० चा हेग करार नेमका याच दुखण्यावर आहे. शंभरावर देश त्यात आहेत. श्रीलंका आहे, पाकिस्तान आहे, वर्षानुवर्षं नाही म्हणणारा जपानही २०१४ मध्ये आला. आपण नाही. लोकांना वाटतं की हा करार मूल बापाला देऊन टाकतो. ताबा कुणाचा हे करार ठरवतच नाही. सोळा वर्षांखालचं मूल जिथे राहत होतं तिथे परत न्या, पुढचं तिथलं कोर्ट बघेल, एवढंच त्याचं म्हणणं. तेही सहा आठवड्यांत व्हावं अशी अपेक्षा. आपल्या विधी आयोगाने २००९ मध्येच सही करा म्हणून सांगितलं. २०१६ मध्ये पुन्हा विषय निघाला, विधेयकाचा मसुदा झाला, मग समिती बसली, २०१८ मध्ये तिचा अहवाल आला. सही काही झाली नाही.

माझं मत स्पष्ट आहे. सही करावी. आणि ती होईपर्यंत मूल आणणाऱ्याला खोली, शाळेचा दाखला आणि तांब्या पुरवणाऱ्यांनी जरा हात आखडता घ्यावा.

सदाशिवपेठी

आईने स्वतःच्या मुलीला स्वतःच्या माहेरी आणलं, याला पळवणं म्हणायचं? उद्या आजीने नातवाला सारसबागेत नेलं तरी गुन्हा नोंदवा. धाग्यात बाईची बाजू कुठे आहे? मित्राचा वकील म्हणून लिहिताय, तर तसं वर लिहा.

एडिसनवासी

@सदाशिवपेठी, बाजू ऐकली आहे. सासू सहा सहा महिने येऊन राहायची, नवरा ऑफिसातून आल्यावरही लॅपटॉपवर. खरंच असणार, मी भिंतीपलीकडे राहतो. घटस्फोट घ्यायला कुणाची ना आहे? न्यू जर्सीत कोर्टं आहेत. मुलीला सारसबागेतून संध्याकाळी परत आणतात, एवढाच फरक.

परतलेली

सहसा वाचूनच जाते, आज राहवलं नाही. या धाग्याच्या भाषेत मी 'पळवणारी' आहे. टेक्ससहून मुलाला घेऊन आले, परतीचं तिकीट वापरलं नाही.

न्यू जर्सीत कोर्टं आहेत हे वाक्य टाईप करायला सोपं आहे हो. मी एच-४ वर होते, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळतो त्या व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही, बँकेचं खातं त्याच्या नावावर, महिन्याच्या वाणसामानाची पावती रात्री त्याला दाखवायची. पासपोर्ट त्याच्या कपाटात. हात कधी उगारायचा हे त्याला बरोबर कळायचं, दुसऱ्या दिवशी कुणाकडे जायचं नसलं की. तिथल्या वकिलीणबाईंनी सुरुवातीलाच मागितलेली रक्कम माझ्या वडिलांच्या वर्षभराच्या पेन्शनइतकी होती. आणि घटस्फोट झाला असता तर माझा व्हिसाही गेला असता, कारण तो त्याच्या व्हिसाला लटकलेला. म्हणजे मूल टेक्ससमध्ये, मी सांगलीत. तुमच्या करारात 'मूल परत न्या' असं आहे. आईचं काय, हे कुठल्या कलमात आहे?

जगभरात या करारातल्या अर्जांत मूल नेणाऱ्या बहुसंख्य आयाच असतात. १९८० मध्ये तो लिहिताना डोळ्यांपुढे वेगळं चित्र होतं, ताबा न मिळालेला बाप मूल घेऊन पळतो असं. मुलाला गंभीर धोका असेल तर परत पाठवू नये असं कलम १३ आहे, मान्य. पण ते मुलाच्या धोक्याबद्दल आहे. आईला मारलं तर मुलाला धोका कसा, हे सिद्ध करत बसायचं. माझ्याकडे फोटो नाहीत. निळा पडलेला दंड कोण सेल्फीत काढतं?

तुमच्या मित्राबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण सगळ्या परत आलेल्या बायका भावाच्या लग्नाचा बहाणा करून आलेल्या नसतात.

भाबडाप्रश्न

दोघांचं वाचून दोघांचं पटतंय. माझं काहीतरी चुकतंय का?

कोर्टाचीपायरी

मुंबईत कौटुंबिक प्रकरणं चालवते. दोन्ही बाजूंनी चालवली आहेत, म्हणून थोडं लिहिते.

एडिसनवासी, सही झाली असती तरी तुमच्या मित्राचं काम आज आपोआप झालं नसतं. मूल आणल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही आणि मूल नव्या जागी रुळलं असलं, तर कोर्ट परत पाठवायला नकार देऊ शकतं, हे त्याच करारात आहे. त्याने दोन वर्षं काय केलं, हा पहिला प्रश्न कुणीही विचारेल.

आता भारतातली वाट. परदेशी कोर्टाचा कागद दाखवला म्हणून इथे मूल हातात येत नाही. बहुतेक जण उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस, म्हणजे 'मूल कोर्टापुढे हजर करा' अशी याचिका, दाखल करतात. तिथे कसोटी एकच, मुलाचं हित. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं की परदेशी आदेश हा विचारात घ्यायच्या गोष्टींपैकी एक, शेवटचा शब्द नव्हे. पण म्हणून मुलं परत जातच नाहीत असंही नाही. २०२२ मध्ये कर्नाटकातल्या प्रकरणात मुलाला अमेरिकेला पाठवलं.

जुनी दोन उदाहरणं मी अशिलांना नेहमी सांगते. १९८६ मध्ये एका वडिलांनी मुलाला मिशिगनहून पुण्यात आणलं. अमेरिकन आई इथे येऊन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि त्याच वर्षात मुलगा तिच्यासोबत परत गेला. दुसरं प्रकरण मुंबईच्या आईचं. १९८४ मध्ये तान्ह्या मुलाला घेऊन आली, निकाल लागला १९९७ मध्ये. तोवर मुलगा बारा वर्षांहून जास्त इथेच वाढलेला. राहिला आईकडे. न्यायाधीश वेगळे, कारणं वेगळी, सगळं खरं. पण माझ्या मते अर्धा फरक कॅलेंडरचा आहे.

पोलिसांकडून फार आशा ठेवू नका. कोर्टाचा मनाई आदेश नसेल तर नैसर्गिक पालक असलेल्या बापावर स्वतःच्या मुलाच्या अपहरणाचा गुन्हा लागत नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२३ मध्येच म्हटलं आहे.

मित्राला सांगा, आधी कॉलसाठी अर्ज कर. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की ज्याच्याकडे मूल नाही त्याला शक्यतो रोज पाच-दहा मिनिटं व्हिडिओवर बोलता यावं. मामाच्या गुडघ्याचा बंदोबस्त त्यात होतो. आणि 'आम्ही मूल गुपचूप काढून आणतो' म्हणणारे एजंट भेटतील. त्यांच्या नादी लागलेला बाप दुसऱ्या दिवशी स्वतःच आरोपी होतो, वर मुलगी दुसऱ्यांदा उचलली जाते.

परतलेली, तुमच्यासाठीही. कोर्ट मूल परत पाठवतं तेव्हा अटी घालू शकतं. आईचं तिकीट, वेगळं घर, खर्च, तिच्यावरचं वॉरंट मागे घेणं. तिकडच्या कोर्टाकडून तसाच आदेश घेऊन या, असंही सांगतं. त्याला मिरर ऑर्डर म्हणतात.

परतलेली

@कोर्टाचीपायरी, मिरर ऑर्डरबद्दल मीही वाचलंय. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक मुलगा केनियातल्या बापाकडे दिला, नैरोबीच्या कोर्टाची मिरर ऑर्डर आण या अटीवर. वर्षभरात त्याच न्यायालयाला स्वतःचा आदेश मागे घ्यावा लागला, कारण बापाने कोर्टाला फसवलं. मुलगा तोवर तिकडेच होता. देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाची ही गत, तर टेक्ससमध्ये अटी पाळल्या जातायत का हे बघायला कोण येणार? माझे पेन्शनर वडील?

सदाशिवपेठी

याला म्हणतात मुद्दा. +१.

कोर्टाचीपायरी

@परतलेली, त्या प्रकरणाला माझ्याकडे उत्तर नाही. पण त्या फसवणुकीला आवर घालणारे दात आदेशाला का नव्हते, ते बघा. दोन देशांत एकमेकांचे आदेश पाळण्याची बांधिलकी नसली की अट ही विनंती उरते. सही न करण्याचा तोटा परत जाणाऱ्या आईलाही आहे, एवढंच म्हणते.

आबा_कऱ्हाडचे

वयाने सगळ्यांपेक्षा मोठा असेन. टंकायला वेळ लागतो, चुका सांभाळून घ्या.

आमच्या मुलाने इंग्लंडहून नातवाला आणलं. सून गोरी. मुलगा म्हणाला, ती लक्ष देत नाही, पिते. आम्ही दुसरा प्रश्न विचारला नाही. नातू घरात आला याचा आनंदच एवढा मोठा. शाळेत नाव मी घातलं, हेडमास्तर ओळखीचे. आईचं नाव लिहायच्या रकान्यात मी पेन थांबवलं, मग लिहिलं, पण पत्ता आमचाच दिला. सुनेचा फोन आला की ही म्हणायची, झोपलाय. सकाळी दहा वाजता.

पोरगा दिवसा गप्प. मराठी शिकला भराभर, अंगणात खेळायचा. पण झोपेत इंग्रजी बोलायचा. ही मला उठवून विचारायची, काय म्हणतो? मला सगळं कळत नव्हतं. एकदा कळलं. म्हणत होता, बूट सापडत नाहीत, आई गाडीत थांबली आहे.

नऊ महिन्यांनी सून स्वतः आली, कोर्टात. पिणारी वगैरे काही नव्हती. नातू परत गेला. आता वर्षातून एकदा येतो, तीच घेऊन येते, आमच्याच घरी उतरते. वर कुणी तरी तांब्या लिहिलंय. तो तांब्या मीच. मुलाकडे नोकरी नव्हती, सकाळी डबा करणारं कुणी नव्हतं. आम्ही दोघं नसतो तर त्याला आठ दिवसही जमलं नसतं.

भाबडाप्रश्न

आबा _/\_

परतलेली

आबा, तुमचं दोनदा वाचलं. एक विचारू? तुम्ही तेव्हा 'झोपलाय' म्हटलं नसतं आणि सून खरंच पिणारी निघाली असती तर?

आबा_कऱ्हाडचे

तर फोनवर आवाजावरून कळलं असतं, बाई. आम्ही ऐकलंच नाही ना.

सदाशिवपेठी

आबांबद्दल आदर आहे, पण एका घरावरून देशाने करारावर सही करायची का? मुलं परत पाठवत नाही म्हणून अमेरिकेचं परराष्ट्र खातं दरवर्षी अहवालात भारताला दोषी धरतं. त्यांच्या दबावाखाली तर मुळीच करू नये. अशी मुलं परत आणण्यासाठीच्या २०१४ च्या त्यांच्या कायद्यामागेही ब्राझीलमध्ये पाच वर्षं अडकलेल्या एका अमेरिकन मुलाचंच प्रकरण आहे. त्यांना त्यांची मुलं दिसतात, आमच्या एच-४ वरच्या मुली दिसत नाहीत.

एडिसनवासी

@सदाशिवपेठी, मित्राची मुलगी जन्माने अमेरिकन आणि आडनावाने तेलुगू, बोलते तुमच्यासारखं. ती नक्की कुणाची, ते तुम्हीच ठरवा.

कोर्टाचीपायरी, आभार. दोन वर्षं त्याने काय केलं, याचं खरं उत्तर लाजिरवाणं आहे. सासऱ्यांनी 'थोडं सबुरीनं घ्या, आम्ही समजावतो' म्हटलं आणि हा समजावण्याची वाट बघत बसला. कॉलच्या अर्जाचं कालच सांगितलं. इथे नवी जोडपी वाचत असतील तर एक: तंटा सुरू झाला की मुलाच्या पासपोर्टसाठी कुणी अर्ज केला तर सूचना मिळावी म्हणून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे नोंद करता येते, पण ती फक्त अमेरिकन पासपोर्टपुरती. भारतीय पासपोर्ट असेल तर तिचा काही उपयोग नाही. आणि अमेरिकेतून बाहेर पडताना इमिग्रेशनच्या खिडकीवर कुणी थांबवत नाही, ती खिडकीच नसते.

परतलेली, तुम्हाला उत्तर देता येत नाही. फक्त एक विचारतो. तुमचा मुलगा वडिलांशी बोलतो का?

परतलेली

बोलतो. बुधवारी आणि रविवारी. मी दुसऱ्या खोलीत जाते. पहिले सहा महिने नव्हते जात.

तुमचा मित्र भेटायला आला तर त्याला सांगा, पहिल्या दिवशी खेळण्यांची बॅग आणू नको. पोरं बॅगेकडे बघतात आणि माणसाकडे बघायचं राहून जातं.

एडिसनवासी

डिसेंबरमध्ये येतोय तो. सांगतो. मराठीची चार वाक्यं पाठ केली आहेत त्याने. "जेवलीस का", "शाळेत कोण शेजारी बसतं", "दात पडला का". चौथं मी शिकवलं नव्हतं, त्याने स्वतः कुठून तरी आणलंय: "सशाचे कान कुठे गेले?"