मदत हवी आहे : गुन्हा आणि विचलन, सोमवारी पेपर

माणदेशी_पोरगी

नमस्कार मंडळी. आम्ही चौघी तृतीय वर्ष कला, स्पेशल समाजशास्त्र. सोमवारी गुन्हा आणि विचलनाचा पेपर आहे. तासिका तत्त्वावरच्या मॅडम दिवाळीनंतर दुसरीकडे लागल्या, त्यामुळे शेवटचे घटक गाईडच्या भरवशावर चाललेत.

व्याख्या सगळ्या पाठ आहेत : गुन्हा म्हणजे कायदा मोडणं, विचलन म्हणजे समाजाच्या रीतीबाहेर वागणं. पण "गुन्हा आणि विचलन यांतील फरक स्थानिक उदाहरणांसह" असं विचारलं की आमची गाडी खून आणि चोरीपुढे जात नाही. दुसरं म्हणजे दुर्खीम आणि मर्टन हे समाजशास्त्रज्ञ दोघंही प्रमाणकशून्यता (समाजाचे नियम माणसाला बांधून ठेवेनासे होणं) म्हणतात आणि आमची उत्तरं एकमेकांत घुसतात.

तिसरी अडचण जरा वेगळी आहे. गाईडमध्ये 'गुन्ह्याची कारणे' या प्रकरणात एक मथळा आहे, त्याखाली काही जमातींचा चोरी हाच पिढीजात धंदा असल्याचं छापलंय. तेही वर्तमानकाळात. आमच्यातली एकजण पारधी समाजाची आहे. तिने ते पान आमच्या आधीच वाचलं होतं. म्हणाली, "लिहा गं, मार्क मिळतात." आम्हाला ते लिहायचं नाहीये. पण मग त्या जागी काय लिहायचं?

चकली

पेपर सोमवारी आणि धागा शनिवारी. थोर परंपरा चालू ठेवल्याबद्दल अभिनंदन :)

माझं समाजशास्त्र बारावीत सुटलं, त्यामुळे नुसती वाचायला बसलेय. मास्तर येतीलच.

निवृत्त_मास्तर

आलो. मुलींनो, खून-चोरी सोडा. तिथे कायदा आणि समाज एकाच बाजूला असतात, म्हणून फरक दिसतच नाही. दोघांचं पटत नाही अशी उदाहरणं शोधा.

आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार दारू पिण्यासाठी परवाना लागतो. हळदीच्या रात्री मांडवामागे बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात तो असतो? म्हणजे कायद्याने गुन्हा, पण त्या घोळक्यात विचलन नाही. उलट न पिणाराच तिथे वेगळा पडतो. हसण्यावारी न्यायचं नसेल तर बालविवाह घ्या. १९२९ च्या सारडा कायद्यापासून त्याला बंदी आहे, आता २००६ चा कायदा लागू आहे. तरी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत कोवळ्या पोरींची लग्नं लागतात आणि अख्खं गाव जेवून येतं.

आता उलटी बाजू. आंतरजातीय लग्न कायद्याला पूर्ण मान्य आहे, पण कित्येक गावांत त्यासारखं दुसरं विचलन नाही. जातपंचायत त्या घराला वाळीत टाकते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ मध्ये लागू झाला, तेव्हापासून वाळीत टाकणारे पंच गुन्हेगार ठरतात. समाज ज्याला शिक्षा करतो तो कायद्याने निर्दोष आणि शिक्षा करणारे आरोपी. हे एकच उदाहरण नीट उलगडलंत तरी परीक्षक पुन्हा वर जाऊन तुमचा आसन क्रमांक बघेल.

काळ बदलला की रेषा सरकते, हेही एका परिच्छेदात येऊ द्या. 'समाजस्वास्थ्य' काढणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले भरले गेले. ते ज्या संततिनियमनाचा प्रचार करत होते, त्याचा पुढे सरकारनेच भिंतीभिंतींवर प्रचार केला. कायदा पुढे गेला आणि समाज मागे राहिला, असं हवं असेल तर व्यभिचाराचं कलम ४९७ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते रद्द केलं. गुन्हा संपला, पण चाळीतली कुजबुज काही संपली नाही.

दुर्खीमचं बोलतो थोड्या वेळाने, दूधवाला आलाय.

सदाशिव_पेठेतला_भाऊ

मर्टन माझ्याकडे द्या. यूपीएससीला समाजशास्त्र घेतलं होतं, पहिल्या पेपरच्या अभ्यासक्रमात तो नावानिशी आहे. पद निघालं नाही, मर्टन मात्र डोक्यात पक्का बसला.

त्याचा निबंध १९३८ चा, अमेरिकेतल्या मंदीच्या काळातला. समाज सगळ्यांना एकच ध्येय दाखवतो, पण तिथे जायची वाट सगळ्यांना सारखी देत नाही, त्या ताणातून विचलन येतं, असं त्याचं म्हणणं. अमेरिकन स्वप्नाच्या जागी आपली सरकारी नोकरी ठेवा आणि आमच्या अभ्यासिकेत या. ध्येयही मान्य, मार्गही मान्य, सकाळी सहाला जागा पकडणारा तो अनुसारी. ध्येय मान्य पण मार्ग आडवा, म्हणजे डमी उमेदवार बसवणारा किंवा फुटलेला पेपर विकत घेणारा, तो नवप्रवर्तक. हा शब्द ऐकून पुरस्कार द्यावासा वाटतो, पण मर्टनने तोच वापरलाय. कर्मकांडवादी सगळ्यांत वाईट दिसतो. पद मिळेल ही आशा त्याने कधीच सोडलेली असते, तरी रोज डबा घेऊन त्याच खुर्चीवर येतो, त्याच नोट्सवर पिवळी रेघ मारतो. घरी फोनवर "चाललाय अभ्यास" म्हणतो. पलायनवादी म्हणजे दोन्ही सोडून व्यसनात गेलेला. उरला बंडखोर.

माणदेशी_पोरगी

दादा, हे भारीच! एका बैठकीत पाचही पाठ झाले. बंडखोर म्हणजे जागा वाढवा म्हणून रस्त्यावर आंदोलन करणारे ना?

निवृत्त_मास्तर

नाही! इथेच गुण जातात. जागा वाढवा म्हणणाऱ्याला नोकरीच हवी असते, म्हणजे ध्येय त्याला मान्यच आहे. मर्टनचा बंडखोर जुनं ध्येय आणि जुना मार्ग दोन्ही टाकतो आणि त्यांच्या जागी नवं काही मांडतो. सरकारी नोकरी म्हणजेच प्रतिष्ठा हे समीकरणच नाकारून गावात वेगळ्या तऱ्हेने जगून दाखवणारा गट त्यात बसेल. पलायनवादीही दोन्ही टाकतो, पण बदल्यात काही उभं करत नाही.

आता दुर्खीम. त्याच्याकडे प्रमाणकशून्यता येते ती समाज भराभर बदलतो तेव्हा. जुने नियम सैल होतात, नवे रुळलेले नसतात आणि माणसाच्या इच्छेला कुठे थांबायचं ते कळत नाही. म्हणून १८९७ च्या आत्महत्येच्या अभ्यासात मंदीइतकीच अचानक आलेली सुबत्ताही त्याला धोक्याची वाटली. महामार्गात जमीन गेली, खात्यावर एकदम कोटभर आले आणि दोन वर्षांत घर विस्कटलं, असं कुणी पाहण्यात असेल तर ते उदाहरण दुर्खीमचं. मर्टनचं नव्हे. मर्टनच्या जगात नियम ढिले पडलेले नसतात. ध्येय तर डोक्यावर बसलेलं असतं, शिडी मात्र मोजक्यांच्या दाराशी टेकवलेली असते. एवढं धरून ठेवा, उत्तरं मिसळणार नाहीत.

गुन्हा 'सामान्य' आहे, म्हणजे तो प्रत्येक समाजात असतोच, हे दुर्खीमचं १८९५ चं विधान आहे. सामान्य म्हणजे चांगला, असं कृपा करून लिहू नका. दरवर्षी चार उत्तरपत्रिकांत सापडायचं.

सदाशिव_पेठेतला_भाऊ

मर्टनवरची टीकाही लिहा, दोन मुद्दे पुरतात. डमी बसवायलाही पैसा आणि ओळख लागते. गैरमार्गाची दारंसुद्धा सगळ्यांना उघडी नसतात, हे क्लोवार्ड आणि ओहलिन यांनी १९६० मध्ये मांडलं. दुसरं, ज्यांच्याकडे सगळं आहे ते का करतात? इथे सदरलँड आणा. पांढरपेशा गुन्हेगारीची कल्पना त्याने १९३९ च्या भाषणात मांडली, १९४९ मध्ये ७० बड्या कंपन्यांवर पुस्तक काढलं, आणि प्रकाशकाच्या दबावाने कंपन्यांची नावं गाळावी लागली. ती नावं छापून यायला १९८३ उजाडलं. आपल्याकडचं उदाहरण १९९२ चा रोखे घोटाळा.

सेटलमेंटचा_नातू

तिसऱ्या प्रश्नासाठी लॉगिन केलं. आम्ही कैकाडी, मूळ सोलापूरचे. आजोबा तिथल्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवायच्या वस्तीत जन्मले. तारेचं कुंपण, दिवसा गिरणीत काम, ठरल्या वेळी परत येऊन हजेरी. आजोबांवर कसलाही खटला कधी झाला नव्हता. ज्या घरात जन्मले तेवढं कारण पुरेसं होतं.

गाईडमधला तो मथळा गाळू नका. तोच मथळा घ्या, पण 'टीका' म्हणून. ब्रिटिश अधिकाऱ्यांची समजूत होती की सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर. तीवर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा उभा राहिला. आधी उत्तर हिंदुस्थानात, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यासह सगळीकडे. १९२४ मध्ये पुन्हा नवा कायदा. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून आपण विमुक्त दिन पाळतो. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि पोलिसांची नजर होती तिथेच राहिली. ताजा संदर्भ हवा तर ३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. तुरुंगाच्या नियमावल्यांमधले जातीवर आधारलेले नियम त्याने घटनाबाह्य ठरवले, त्यात विमुक्त जमातींना सराईत मानणाऱ्या तरतुदीही आल्या.

याला बेकरचा १९६३ चा लेबलिंग सिद्धांत जोडा. विचलन कृतीत नसतं, इतरांनी लावलेल्या शिक्क्यात असतं. गावात चोरी झाली की पहिली जीप आमच्या वस्तीवर येते, हे त्याला न वाचताही आम्हाला माहीत आहे.

तुमच्या मैत्रिणीला सांगा, मार्क दुसऱ्या तऱ्हेनेही मिळतात.

माणदेशी_पोरगी

तिला वाचून दाखवलं. आधी काही बोलली नाही. मग वही ओढून घेतली आणि म्हणाली, त्यांना विचार, लेमर्ट म्हणतो आधी प्राथमिक विचलन, मग शिक्का, मग दुय्यम विचलन. इथे तर शिक्का जन्माआधीच आहे. मग प्राथमिक कुठे गेलं?

निवृत्त_मास्तर

हा प्रश्न जसाच्या तसा उत्तरपत्रिकेत लिहायला सांग तिला. लेमर्टच्या १९५१ च्या मांडणीत माणूस काहीतरी किरकोळ करतो, लोक त्यावरून त्याला नाव ठेवतात आणि मग तो त्या नावाप्रमाणेच वागू लागतो. १८७१ च्या कायद्याने ती पहिली पायरीच काढून टाकली. नोंदणी झालेल्याला परवानगीशिवाय हलायची बंदी, त्यामुळे बाजाराला दुसऱ्या गावी जाणं हाच गुन्हा. म्हणजे शिक्क्यानेच कृती तयार केली. सिद्धांत इथे मोडत नाही, त्याचा क्रम उलटा होतो.

आणि लेबलिंगची मर्यादाही एका वाक्यात टाका : ज्याच्या घरी खरंच दरोडा पडला, त्याचं काय, हे हा सिद्धांत फारसं विचारत नाही.

माणदेशी_पोरगी

सर, तिने लिहायला घेतलंय. शेवटचं एकच. 'गुन्ह्यांच्या आकडेवारीच्या मर्यादा' अशी टीप येते. गाईडमध्ये चार ओळी आहेत.

सदाशिव_पेठेतला_भाऊ

एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे) आकडे म्हणजे पोलिसांनी नोंदवलेले गुन्हे, घडलेले नव्हेत. केरळचा दर वरच्या राज्यांत दिसतो, त्यात नोंद नीट होण्याचा मोठा वाटा आहे असं अभ्यासक सांगतात. शिवाय एका तक्रारीत अनेक गुन्हे असतील तर मोजताना सर्वांत गंभीर तेवढाच धरतात. बलात्कार करून खून झाला तर तो खुनातच मोजला जातो. बाकी लाज, भीती, ठाण्याचं अंतर हे तुम्हीच लिहा. पाच गुणांची टीप आहे, दीड पानाच्या पुढे जाऊ नका.