भीती वाटत होती तरी केलं, मग पुढे काय झालं? (अनुभव धागा)

धाडसाच्या गोष्टी सांगताना आपण कड्याची उंची सांगतो, लाटेचा जोर सांगतो. मला त्यानंतरचं ऐकायचंय. घरी परतल्यावर झोप सुधारली का? मनावरचं मळभ हललं का? काहीच फरक पडला नसेल किंवा उलट त्रास वाढला असेल, तर तेही लिहा. सुरुवात मी करते.

दोन वर्षं मला सकाळी जाग आली की छातीत धडधड व्हायची. उपचार चालू होते, गोळ्यांनी झोपही लागायची, पण ‘आपल्याच्याने आता काही होणार नाही’ हे डोक्यातून जात नव्हतं. बहिणीने विचारलं, रॅपलिंगला, म्हणजे दोराने कड्यावरून खाली उतरायला, येतेस का? कशी कोण जाणे, हो म्हणून गेले.

कड्याच्या काठावर दरीकडे पाठ करून उभं राहायचं आणि पहिलं पाऊल मागे टाकायचं. तिथे माझे पाय लाकडासारखे झाले. मी कातळाला बिलगायला बघायचे आणि बिलगले की बूट घसरायचे. वरून प्रशिक्षक शांतपणे सांगत होते, “कातळापासून लांब हो. खुर्चीत बसतेस तशी मागे बस. पाय फाकव, खांद्यांएवढे.” कुणीही घाई केली नाही. शेवटी मी खरंच मागे बसले. हार्नेसच्या, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधलेल्या साजाच्या, पट्ट्यांनी मांड्यांखाली भार घेतला, तळवे कातळावर सपाट टेकले आणि हललेच नाहीत. भीती जे करायला सांगत होती, त्याच्या नेमकं उलट केल्यावर पाय स्थिर झाले होते. खाली उतरेपर्यंत उजवा हात दोर थोडा थोडा सोडत होता, आणि तेवढा वेळ माझ्या डोक्यात दुसरं काहीही नव्हतं.

सकाळची धडधड अजून होते. पण वाढलेली धडधड आपोआप उतरते, हे मी त्या दोरावर स्वतः अनुभवलंय. त्यामुळे आता तिच्या मागोमाग घाबरणं कमी झालंय.

*

ताई, ते ‘नेमकं उलट करणं’ वाचून माझं स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण आठवलं. मला पॅनिक अटॅक यायचे. त्यात पहिली ओढ असते ती भराभर श्वास घ्यायची. पाण्याखाली पहिलाच नियम: श्वास कधीही रोखायचा नाही, सावकाश आत आणि सावकाश बाहेर.

सगळ्यात अवघड होता मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेण्याचा सराव. डोळ्यांपर्यंत पाणी चढतं, नाकात शिरेल असं वाटतं. मग मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, मान किंचित वर करायची आणि नाकातून हळू श्वास सोडायचा. पाणी खालच्या कडेने निघून जातं. पहिल्या दोन वेळा मी धडपडत वर आलो. तिसऱ्यांदा जमलं. उथळ पाण्यात, गुडघ्यांवर बसून, प्रशिक्षकाचा हात माझ्या खांद्यावर. एवढंच माझं धाडस. पुढे लिफ्टमध्ये अटॅकची चाहूल लागली तेव्हा आपसूक तोच लांब उच्छ्वास सुरू झाला.

एक कळकळीचं सांगणं: डायव्हिंगआधी भरायच्या फॉर्ममध्ये पॅनिक अटॅक, चालू औषधं यांबद्दल प्रश्न असतात. तिथे काही लपवू नका. मी आधी माझ्या डॉक्टरांना विचारलं होतं, त्यांनी तपासून होकार दिला, त्यानंतरच पाण्यात उतरलो.

*

माझा अनुभव वेगळा आहे, आणि तो इथे असायला हवा असं वाटतं.

मित्रांनी बंजी जंपिंगला नेलं. मला जायचं नव्हतं. सगळे ओरडत होते, मोबाईल रोखलेले होते, ‘एकदा उडी मार, भीती कायमची जाईल’ म्हणत होते. मारली उडी. त्यानंतर कित्येक आठवडे झोपेत पडत असल्यासारखं वाटून दचकून उठायचो. पूर्वी पुलावरून बिनधास्त चालणारा मी, पुलावर पाय टाकला की तळव्यांना घाम फुटायला लागला. थेरपीत यावर बोलायला लागलं. ‘नको’ म्हटल्यावर थांबता येणं किती महत्त्वाचं असतं, ते मला फार महागात पडून कळलं.

*

मी समुपदेशक आहे. वरचे अनुभव एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत असे आहेत. दोर असो वा मास्क, तिथे पायऱ्या होत्या, थांबायची मुभा होती आणि पुढचं पाऊल स्वतःचं होतं. बंजीच्या अनुभवात यातलं काहीच नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली ‘स्व-क्षमते’ची कल्पना मांडली. ‘हे मला जमेल’ हा विश्वास इतरांना पाहून येतो, कुणी धीर दिल्यानेही येतो, पण सर्वांत पक्का येतो तो स्वतः करून पाहिल्यावर. म्हणून ‘काळजी करू नकोस’ हे शंभरदा ऐकून जे होत नाही, ते तिसऱ्या खेपेला मास्क रिकामा झाल्यावर होतं. जर्मनीत नैराश्यासाठी बोल्डरिंग (कमी उंचीच्या भिंतीवर दोराशिवाय चढणं) आणि मानसोपचार एकत्र करून गटोपचार तयार केला गेला. एका चाचणीत घरी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा या गटाची लक्षणं जास्त कमी झालेली दिसली. पण तिथे भिंतीइतकंच भिंतीखाली बसून केलेलं बोलणंही उपचाराचा भाग असतं, हे विसरू नका. आणि कुणी कितीही आग्रह केला तरी चालू गोळ्या मनाने बंद करू नका.

*

माझं वय बासष्ट. मिस्टर गेल्यानंतर वर्षभर घराबाहेर पडावंसं वाटत नव्हतं. मग पोहायला शिकले. इथे कडे-समुद्राच्या गोष्टी चालल्यात, पण मला कमरेइतकं पाणीच दरीसारखं वाटत होतं.

पाठीवर तरंगायला शिकताना मी मान वर धरून ठेवायचे आणि पाय बुडायचे. शिकवणारी मुलगी म्हणाली, “काकू, डोकं पाण्याला देऊन टाका. कान बुडू देत.” कान बुडले आणि बाहेरचा सगळा गलबला बंद झाला. फक्त माझा श्वास ऐकू येत होता. तिने पाठीखालचा हात कधी काढला ते मला कळलंच नाही. त्या दिवशी घरी येऊन खूप रडले. तोपर्यंत वर्षभरात नीटसं रडूही आलं नव्हतं.

*

काकू, वाचून डोळ्यांत पाणी आलं.

मी लांब पल्ल्याची सायकलिंग करतो. मोहिमेहून परतलो की आठ-दहा दिवस अगदी रिकामं वाटायचं, आणि ते भरायला लगेच पुढची, अजून कठीण मोहीम. घरातली भांडणं, नोकरीचा प्रश्न तसेच पडून. ते सगळं मी सायकलवरून टाळतोय, हे मला बायकोने सांगितलं. आता परतल्यावरचा पहिला आठवडा घरासाठी मोकळा ठेवतो. सायकल सोडलेली नाही, सोडणारही नाही.

*

छोटासा अनुभव. नैराश्यातून जात होतो तेव्हा एका मित्राने रात्रीच्या डोंगरवाटेवर नेलं. माथ्याच्या अलीकडे तो म्हणाला, हेडलॅम्प बंद कर आणि बस. अंधार इतका दाट होता की स्वतःचा हात दिसेना. पोटात गोळा आला, दिवा लावायला बोट बटणावर गेलंही. तो फक्त म्हणाला, “थांब, डोळ्यांना वेळ दे.” डोळे अंधाराला चांगले सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, हे त्याने नंतर सांगितलं. आधी क्षितिजाची रेघ सुटी झाली. मग पायांजवळचे दगड, मग त्याचा चेहरा. उरलेली वाट आम्ही दिवे न लावता चढलो.