शंभर नंबरी टी-शर्ट, शोला उरले पाच आठवडे

बेसवाला: आमच्या बँडच्या लाइव्ह शोसाठी १०० काळे टी-शर्ट काढायचेत, प्रत्येकावर १ ते १०० क्रमांक. पुढे तीन रंगांचं चित्र, मागे तारीख आणि ठिकाण. शिवाय त्याच चित्राची ५० पोस्टरं. स्क्रीन प्रिंट (जाळीतून शाई दाबून छापणं) की डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवणं)? क्रमांक कसा टाकतात? साइज कुठली किती घ्यायची?

स्क्वीजी: स्क्रीनच करा. स्क्रीन बनवायचा खर्च दहा नगांना जेवढा, तेवढाच शंभरांना. डीटीएफ वीस-पंचवीस नगांना ठीक, पण छातीभर सलग चित्र असलं की ते प्लास्टिकचा तुकडा चिकटवल्यासारखं लागतं. शोच्या घामात तर विचारूच नका.

तीन रंग म्हणताय, पण पुढच्या बाजूला स्क्रीन चार धरा, दर रंगाला एक आणि बेसची एक. काळ्यावर आधी पांढरा बेस मारावाच लागतो, नाहीतर पिवळा शेवाळी दिसतो आणि लाल विटकरी. बेस वरच्या रंगापेक्षा केसभर आत ठेवायला सांगा, म्हणजे कडेने पांढरी रेघ डोकावत नाही. बेसला फ्लॅश (मध्येच थोडी उष्णता) द्यायचा तो बोटाला शाई लागू नये इतकाच. जास्त भाजला की वरचा रंग त्याला धरत नाही आणि धुण्यात पापुद्रे सुटतात.

प्लॅस्टिसॉल शाई (प्लास्टिकची, उष्णतेनेच पक्की होणारी) साधारण १६० अंश सेल्सिअसला पिकते, तेही थराच्या तळापर्यंत तेवढी उष्णता पोचली तर. तापमानाची गन फक्त वरचा थर दाखवते, तिच्यावर विसंबू नका. पहिला नग पूर्ण गार झाल्यावर छपाई दोन्ही हातांनी ताणून बघा. तडे गेले तर शाई कच्ची आहे, बाकीचे ९९ थांबवा.

सुती: कापड १०० टक्के सुती, १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास. पॉलिस्टर मिश्रणात ड्रायरच्या (शाई पिकवायच्या भट्टीच्या) उष्णतेने कापडाचा रंग सुटून शाईत चढतो. पांढरा राखाडी होतो. वाईट म्हणजे हे कधीकधी खोक्यात ठेवल्यावर दोन-चार दिवसांनी दिसतं.

साइज: एस १०, एम २८, एल ३२, एक्सएल २०, डबल एक्सएल १०. पण ऑर्डरआधी चाहत्यांकडून साइज मागवून घेतलीत तर हा अंदाज खुशाल फेकून द्या. वर पाच-सहा कोरे नग जादा घ्या, छपाईत बिघडतातच.

पेन्सिल: क्रमांक छापायच्या भानगडीत पडू नका. मानेच्या आत लेबलच्या जागी छोटी छपाई करा, त्यात ‘/१००’ आणि पुढे मोकळी चौकट. चौकटीत कापडावरच्या मार्करने हाताने आकडा लिहा, वाळू द्या आणि इस्त्री फिरवून पक्का करा. आकडे साइजच्या ओळीने लावू नका, नाहीतर १ ते १० सगळे एसच्या वाट्याला जातात. बिघडलेले नग विकू नका, १०० म्हणजे १००.

पोस्टरला ६० कागद घ्या आणि छपाईच्या खोलीत एक दिवस आधी उघडून ठेवा. हवेतल्या दमटपणाने कागद फुगतो-आकसतो, मग तिसरा रंग पहिल्यावर बसत नाही. क्रमांक खालच्या कडेला पेन्सिलीने.

स्क्वीजी: मागची बाजू शेवटी छापा. पुढचं काम लगेच उरकता येतं. ठिकाण बदललं तर नुसती मागची स्क्रीन नवी लागेल.

बेसवाला: मग पुढची छपाई दुसऱ्यांदा ड्रायरमधून जाणार. चालेल?

स्क्वीजी: चालतं. प्लॅस्टिसॉल उष्णतेने पुन्हा थोडी मऊ पडते एवढंच. ड्रायरमधून निघालेले नग गरम असताना एकावर एक रचू नका, एकाची छपाई दुसऱ्याच्या पाठीला चिकटून येते.