जेम्स डायसन यांचे आयुष्य वीस मिनिटांत कसे मांडावे? (सल्ला हवा आहे)

कृष्णाकाठ
नमस्कार. मी कऱ्हाडजवळच्या एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. पुढच्या महिन्यात आमच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे प्रदर्शन भरणार असून त्याच्या आरंभी ब्रिटिश उद्योजक जेम्स डायसन यांच्यावर मला बोलायचे आहे. वेळ वीस मिनिटांचा आहे आणि तो वाढवून मिळणार नाही. समोर दीडेकशे विद्यार्थी असतील आणि पहिल्या रांगेत औद्योगिक वसाहतीतले वीस-पंचवीस कारखानदार बसतील.

ढोबळ माहिती माझ्याकडे आहे. त्यांचा जन्म १९४७ मध्ये नॉरफकमधल्या क्रोमर गावी झाला. ग्रेशम्स शाळेत शिकवणारे त्यांचे वडील कर्करोगाने गेले तेव्हा जेम्स नऊ वर्षांचे होते आणि पुढचे शालेय शिक्षण त्याच शाळेने दिलेल्या आर्थिक साहाय्यावर झाले. मग लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिक्षण, बॉलबॅरो ही चाकाऐवजी गोळा असलेली हातगाडी, पिशवीविरहित व्हॅक्यूम क्लीनर, २००७ मध्ये मिळालेला ‘सर’ हा किताब आणि २०२० मध्ये ब्रिटनमधल्या सर्वांत श्रीमंत व्यक्तींच्या यादीतले पहिले स्थान. एवढे सगळे सांगत बसलो तर कशालाच न्याय मिळणार नाही. म्हणून दोन गोष्टी विचारतो. आरंभ कुठून करावा आणि काय गाळावे? आणि त्या क्लीनरमागचे, गोल फिरणाऱ्या हवेने धूळ वेगळी करणारे चक्रावाती हवेचे तत्त्व मंचावर प्रत्यक्ष दाखवायचे असेल तर कमाल एक हजार रुपयांत काय करता येईल?

यंत्रवेडा_पुणे
मंचावर खरे यंत्रच ठेवावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी २०१९ मध्ये डायसनचे बिनवायरीचे यंत्र चाळीस हजारांच्या आसपास घेतले आणि आमच्या रस्त्यालगतच्या घरात रोज येणारी धूळ त्याच्या पारदर्शक भांड्यात गोल फिरताना पाहिल्यावर या माणसाचे मोठेपण मला जेवढे कळले तेवढे कोणत्याही लेखातून कळले नव्हते. त्या भांड्याची कथा अवश्य सांगा. स्वतःच्या घरातला कचरा ग्राहकांना डोळ्यांनी पाहायला आवडणार नाही, असे बाजाराचा अंदाज घेणारे आणि दुकानदार सांगत होते, तरीही १९९३ मध्ये आलेल्या डीसी०१ या यंत्राचे भांडे डायसन यांनी पारदर्शकच ठेवले आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत ते ब्रिटनमध्ये सर्वाधिक विकले जाणारे यंत्र झाले. आरंभ मात्र ५,१२७ या आकड्यानेच करा. पिशवीविरहित व्हॅक्यूम क्लीनरसाठी एवढे नमुने बनवणारा माणूस, हे पहिलेच वाक्य सभागृह शांत करेल.

एव्हनकाठची
मी चौदा वर्षे इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळ राहते, म्हणून थोडे अधिकाराने लिहिते. ते ५,१२७ नमुने १९७९ ते १९८४ या काळात घरामागच्या जुन्या बग्गीखान्यात तयार झाले आणि त्या पाच वर्षांत घर चालले ते बरेचसे त्यांच्या पत्नी डिअर्ड्रे यांच्या कला शिकवण्याच्या कमाईवर. घरात तीन मुले होती, घरावर कर्ज होते आणि नवरा दिवसभर धुळीने माखून आत येत होता. भाषणांत हा भाग एका वाक्यात उरकला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. माझ्या यजमानांनी इथे स्वतःचा व्यवसाय उभा केला तेव्हा सहा वर्षे मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम केले, त्यामुळे त्या बग्गीखान्याच्या अलीकडच्या घरात काय चालले असेल ते मला नीट कळते. तुमच्या विद्यार्थ्यांत मुलीही असतील. आरंभ डिअर्ड्रे यांच्यापासून करावा.

जुना_वर्कशॉपवाला
सर, मी इचलकरंजीत बत्तीस वर्षे कारखाना चालवतो. आकडे आणि कौतुक नंतर सांगा. मुलांना आधी बॉलबॅरो सांगा. बांधकामावरच्या एकचाकी गाडीचे अरुंद चाक चिखलात रुतते, म्हणून डायसन यांनी १९७४ मध्ये चाकाच्या जागी प्लास्टिकचा मोठा गोळा बसवला. गाडी उत्तम होती, विकलीही जात होती. पण त्यांनी पेटंट स्वतःच्या नावावर न ठेवता कंपनीच्या नावावर केले. त्या कंपनीत त्यांचे मेहुणेही भागीदार होते. १९७९ मध्ये इतर भागीदारांनी त्यांना बाहेर काढले तेव्हा स्वतःच्याच शोधावर त्यांचा काडीचाही हक्क उरला नाही.

माझेही असेच झाले. यंत्रमागाला जोडायचे, धागा तुटताच माग थांबवणारे एक साधे उपकरण मी १९९८ मध्ये बनवले होते. भागीदारीच्या करारात ‘संस्थेची सर्व मालमत्ता’ असे शब्द होते आणि ते न वाचता मी सही केली. तीन वर्षांनी भागीदारी मोडली, उपकरण त्यांच्याकडे राहिले आणि मी माझ्या लेथपाशी परत आलो. त्या रात्री मला कोणी डायसन सांगितला असता तर निदान एकटेपणा वाटला नसता. व्हॅक्यूम क्लीनरच्या वेळी त्यांनी हक्क स्वतःकडे ठेवले, म्हणूनच हूवर कंपनीने तंत्र उचलल्यावर ते न्यायालयात उभे राहू शकले. २००० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २००२ मध्ये ४० लाख पौंडांची भरपाई ठरली. वीसपैकी पंधरा मिनिटे करारावर बोला.

सडेतोड_नाशिक
सगळेच कौतुक करत आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. २००२ मध्ये व्हॅक्यूम क्लीनरचे उत्पादन विल्टशरमधल्या माम्सबरीहून मलेशियात नेण्यात आले आणि सुमारे ८०० माणसांचे काम गेले. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे, असा जाहीर प्रचार डायसन यांनी केला आणि २०१९ मध्ये कंपनीचे मुख्यालय सिंगापूरला नेत असल्याचे जाहीर केले. मी ज्या कारखान्यात एकोणीस वर्षे होतो तो असाच एका सकाळी दुसऱ्या राज्यात गेला. तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. तुमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण मालक होणार नाहीत, कामावर जाणार आहेत. त्यांच्या बाजूने हे आयुष्य कसे दिसते तेही सांगा.

यंत्रवेडा_पुणे
सडेतोड, आपले दुःख समजते, तरी माम्सबरीतले संशोधन बंद झाले नाही हेही लिहायला हवे होते. २०१७ मध्ये तिथेच त्यांनी अभियांत्रिकीची संस्था काढली. तिथे विद्यार्थी शुल्क भरत नाहीत, उलट कंपनीत काम करून पगार घेतात.

सडेतोड_नाशिक
संस्था चांगलीच आहे. पण २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे हजार जागा कमी करण्याची घोषणा याच कंपनीने केली, तेही त्याच वाक्यात बसवावे लागेल.

लंडन_ते_लातूर
धुलाई यंत्राचा उल्लेख कोणीच केला नाही याचे आश्चर्य वाटते. दोन पिंपे उलटसुलट दिशांनी फिरवणारे ते यंत्र २००० साली आले. मी तेव्हा लंडनमध्ये नोकरीला होतो आणि ज्यांच्याकडे भाड्याने राहत होतो त्या बाईंनी ते घेतले होते. कपडे इतके स्वच्छ निघत की मी स्वतःसाठी तसेच घ्यायचे ठरवले होते, परंतु किमतीचे गणित कंपनीलाच बसले नाही आणि काही वर्षांत ते बंद झाले. माझ्या मते चांगले असूनही न टिकलेले यंत्र हा प्रकल्प करणाऱ्या मुलांसाठी सर्वांत उपयोगाचा विषय आहे. आणि ५,१२७ नमुने फसले असे कृपा करून म्हणू नका. ५,१२६ फसले, ५,१२७वा चालला.

यंत्रवेडा_पुणे
फसले असे मी म्हटलेच नव्हते, ‘बनवले’ म्हटले होते. शिवाय प्रत्येक नमुन्यात एकाच वेळी एकच बदल करायचा, ही त्यांची पद्धत होती. त्यामुळे आधीच्या ५,१२६ नमुन्यांनाही फसलेले म्हणणे मला पटत नाही. प्रत्येकाने एका प्रश्नाचे उत्तर दिले.

लंडन_ते_लातूर
उत्तर ‘नाही’ असे आले तर तो नमुना फसलाच. त्यात कमीपणा नाही, पण शब्द नेमका वापरावा.

सह्याद्री_वाचक
वर अनेकांनी लिहिलेच आहे, तरी मीही ५,१२७ पासूनच आरंभ करावा असे सुचवतो. सोबत त्यांच्या १९९७ आणि २०२१ च्या दोन्ही आत्मकथनांच्या इंग्रजी प्रती संस्थेने विकत घ्याव्यात आणि एखादे मोठे यंत्रही घ्यावे, म्हणजे ते पुढे प्रयोगशाळेत कामास येईल.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. प्रात्यक्षिकासाठी माझ्याकडे एक हजार रुपये आहेत, हे पुन्हा नम्रपणे सांगतो. यंत्र विकत घेणे शक्य नाही.

धूळपारखी
मी भोसरीत पावडर कोटिंगच्या कारखान्यात देखभालीचे काम करतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या छपरावरच उभे आहे. डायसन यांना ही कल्पना सुचली तीसुद्धा अशाच ठिकाणी. बॉलबॅरोच्या सांगाड्यांना रंगाची भुकटी मारताना जी उडे ती गाळण्याच्या कापडावर बसून कापड चोंदत असे. लाकूड कापणाऱ्या गिरणीच्या छपरावर भुसा वेगळा काढणारा शंकू असतो, तसा मोठा शंकू त्यांनी आपल्या कारखान्यासाठी बनवला. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही पिशवीची छिद्रे बुजल्यामुळेच ओढ गमावतो, हे १९७८ मध्ये लक्षात आल्यावर त्यांनी पुठ्ठ्याचा छोटा शंकू करून तो जुन्या यंत्राला चिकटपट्टीने जोडला. तुम्हाला एवढेच करायचे आहे.

पारदर्शक बरणी, तिच्या तोंडावर घट्ट बसणारे मोठे नरसाळे, वरून झाकण आणि दोन नळ्या घ्या. हवा आत आणणारी नळी नरसाळ्याच्या रुंद भागात कडेला लागून, गोलाईच्या दिशेने शिरली पाहिजे. सरळ मध्याकडे रोखली तर भोवरा होणारच नाही. हवा बाहेर नेणारी नळी झाकणाच्या मध्यातून, आत येणाऱ्या नळीच्या पातळीपेक्षा थोडी खाली सोडा आणि संस्थेतल्या कोणत्याही व्हॅक्यूम क्लीनरला जोडा. भुसा ओढला की जड कण बाहेरच्या भिंतीवर फेकले जातात, गोल फिरत खाली बरणीत पडतात आणि हवा मधून निघून जाते. सांध्यांना मेण किंवा एम-सील लावा. बरणीत खालून जराशी हवा शिरली तर पडलेला भुसा पुन्हा वर उचलला जातो. आमच्याकडे एकदा झाकणाची रबरी कडी तुटली तेव्हा अर्धे छप्पर पिवळे झाले होते. खर्च चारशे रुपयांच्या आत राहील. आधी रांगोळीने करून पाहा, भुशापेक्षा ती लांबून नीट दिसते.

एव्हनकाठची
धूळपारखी यांनी फार सुंदर समजावले. डिअर्ड्रे यांना मात्र विसरू नका.

जुना_वर्कशॉपवाला
आणि करारही. परदेशातल्या एका कंपनीशीही त्यांचा पेटंटवरून खटला चालू होता, तो १९९१ मध्ये तडजोडीने मिटला. खटल्याचा खर्च डोक्यावर असताना नवा कारखाना काढता येत नाही, हे त्यातून कळते.

कृष्णाकाठ
आठवडाभर विचार केला. प्रात्यक्षिक धूळपारखी यांच्या पद्धतीनेच होईल. तिसऱ्या वर्षातल्या दोघांनी काल शंकू बनवला आणि चौथ्या प्रयत्नात रांगोळी खाली बसली. खर्च तीनशे चाळीस रुपये आला.

भाषणाविषयी मात्र मी तुमच्यापैकी कोणाचाही सल्ला पुरता घेतलेला नाही, याबद्दल रागावू नये. ५,१२७ हा आकडा मी एकदाच उच्चारणार आहे. डिअर्ड्रे, करार आणि मलेशिया यांना मिळून सात-आठ मिनिटे देईन. उरलेला सगळा वेळ मी जेरेमी फ्राय यांच्यावर बोलणार आहे.

फ्राय यांचा बाथमध्ये रोटॉर्क नावाचा उद्योग होता आणि मोठ्या व्हॉल्वांची उघडझाप करणारी यंत्रे तिथे तयार होत. रॉयल कॉलेजात शिकणारे डायसन एका नाट्यगृहाच्या आराखड्यासाठी पैसे मागायला त्यांच्याकडे गेले. फ्राय यांनी पैसे दिले नाहीत, काम दिले. सपाट तळाची, वेगाने जाणारी, मालवाहू फायबरग्लासची होडी तयार करायची होती. तेव्हा डायसन यांना अभियांत्रिकीची पदवी नव्हती, ते फर्निचर आणि अंतर्गत सजावट शिकलेले होते. एखादी कल्पना घेऊन ते गेले की फ्राय आधी आकडेमोड मागत नसत. कार्यशाळेत जाऊन करून बघायला सांगत. १९७० मध्ये ती होडी, सी ट्रक, बाजारात आली आणि तेवीस वर्षांच्या त्या मुलाकडे फ्राय यांनी तिचा अख्खा विभाग सोपवला. नऊ वर्षांनी बॉलबॅरोच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या डायसन यांच्या चक्रावाती यंत्रात पैसे घालायला पुढे आले तेही फ्रायच. ब्रिटनमधल्या आणि युरोपातल्या नामांकित कंपन्यांनी ते यंत्र नाकारले ते पुढे. कारण जुन्या यंत्रांना लागणाऱ्या पिशव्यांच्या विक्रीतून एकट्या ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे १० कोटी पौंड फिरत होते. १९८६ मध्ये जपानमध्ये ते यंत्र गुलाबी रंगात, सुमारे २,००० पौंडांना विकले जाऊ लागले, तोवर टिकून राहण्याचे बळ डायसन यांना मिळाले त्यात फ्राय यांचा वाटा होता.

माझ्या वर्गात चिकाटीची मुले दरवर्षी असतात. गेल्या वर्षी ऊस तोडणीच्या कोयत्यासाठी पाठीचा ताण कमी करणारी मूठ बनवणारा एक मुलगा तीन कारखान्यांत गेला आणि तिन्ही ठिकाणी त्याला आधी अनुभव किती वर्षांचा असे विचारण्यात आले. आज तो एका गोदामात नोंदी लिहितो. म्हणून ही वीस मिनिटे मी विद्यार्थ्यांकडे पाहून बोलणार नाही, पहिल्या रांगेकडे पाहून बोलणार आहे.

यंत्रवेडा_पुणे
तरीही आरंभ ५,१२७ नेच झाला असता तर बरे झाले असते, असे माझे मत कायम आहे. शुभेच्छा.

सडेतोड_नाशिक
मलेशियाला वेळ ठेवल्याबद्दल आभार.

जुना_वर्कशॉपवाला
सर, माझी जुनी लेथ आणि एक मिलिंग मशीन दुपारी दोननंतर रिकामी असते. कोयत्याची मूठ बनवणाऱ्या त्या मुलाला माझा निरोप द्या. इचलकरंजीला यायचे भाडे मी देईन. येताना मूठ सोबत आणू दे, कागद नको.