मदत हवी आहे: मसाला आमचा, पाकीट व्यापाऱ्याचे, हे मान्य करावे का?

नमस्कार मंडळी,

कुडाळजवळच्या आमच्या गावी आई गेली 19 वर्षे मालवणी मसाला करून विकते. उन्हाळ्यात मिरच्या कडकडीत वाळवायच्या, धणे, बडीशेप, दगडफूल वगैरे जिन्नस वेगवेगळे भाजायचे आणि मग सगळे डंकावर कुटून घ्यायचे, ही तिची पद्धत आजही तशीच आहे. मे महिन्यात आणि गणपतीत येणारे चाकरमानी मुंबईला परतताना दोन-दोन किलो बांधून नेत, त्यांच्याकडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळत गेले, आणि आज वर्षाला साधारण 600 किलो मसाला जातो. जाहिरात अशी आम्ही कधी केली नाही. आईला सगळे 'बायआते' म्हणतात, त्यामुळे मसाल्यालाही 'बायआतेचो मसालो' हे नाव आपोआप पडले.

चूक माझ्याकडून झाली. 4 वर्षांपूर्वी अन्नसुरक्षा नोंदणी करून आम्ही पाकिटे छापून घेतली, तेव्हा शहरातले गिऱ्हाईक 'बायआते' या शब्दाला हसेल असे वाटून मी त्यांवर 'अस्सल मालवणी मसाला' असे ठळक छापले आणि खाली माड व होडीचे चित्र टाकले. (माड आणि होडी नसलेले मालवणी मसाल्याचे पाकीट कोणी पाहिले असल्यास अवश्य सांगावे.) गेल्या वर्षी आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने दादरला दुसऱ्याच कोणाचे पाकीट आमचे समजून घेतले आणि यंदा चव उतरली म्हणून आईला फोनवर बरेच ऐकवले. तिने ते मुकाट्याने ऐकून घेतले; पाकीट आमचे नव्हतेच, हे आम्हाला नंतर कळले.

तेव्हापासून मी नावाच्या नोंदणीची चौकशी करत आहे. ट्रेड मार्क्स कायदा, 1999 च्या कलम 9 नुसार मालाचा प्रकार, दर्जा किंवा मूळ ठिकाण एवढेच सांगणारे शब्द सहसा नोंदवून मिळत नाहीत, म्हणजे 'अस्सल' आणि 'मालवणी' हे दोन्ही आमच्या हातून गेले. 'बायआते' मात्र नोंदवता येईल असे दिसते. नोंदणीसाठी मालाचे वर्ग पाडलेले आहेत, त्यांत मसाले वर्ग 30 मध्ये येतात, व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गाचे शुल्क 4,500 रुपये आहे, ट्रेड मार्क्स कार्यालयाच्या जर्नलमध्ये (अधिकृत पत्रिकेत) नाव प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी 4 महिने असतात, आणि नोंदणी झाली की ती 10 वर्षे चालते. नाव नोंदलेले आहे असे सांगणारे वर्तुळातले 'आर' हे चिन्ह नोंदणीआधी वापरता येत नाही. तोवर नावापुढे 'टीएम' (म्हणजे ट्रेडमार्क) लिहिता येते.

आता खरी अडचण. पुण्यातील एक व्यापारी महिन्याला 50 किलो सुटा मसाला घ्यायला तयार आहे, निम्मे पैसे आगाऊ देतो म्हणतो, पण तो माल स्वतःच्या नावाच्या पाकिटात भरून विकणार. म्हणजे आमच्या आजच्या संपूर्ण खपाइतकाच माल निनावी जाणार. आईचे म्हणणे सरळ आहे, "मसालो खपता मां, मगे नाव कोणाचा का असाना." मला तिचे म्हणणे अगदीच चूक वाटत नाही, कारण मिरचीच्या खरेदीच्या वेळी हातात रोख रक्कम असणे म्हणजे काय, ते आम्हीच जाणतो. परंतु पुण्यातील लोकांना आईच्या हातची चव त्याच्या नावाने ओळखीची झाली आणि दोन वर्षांनी त्याने स्वस्तातला दुसरा पुरवठादार गाठला, तर त्या गिऱ्हाइकांपैकी एकही आमच्यापर्यंत पोहोचणार नाही. त्याच्या पाकिटावर 'बायआतेच्या घरून' अशी एक ओळ छापून घेण्याची अट घालावी असे मनात आहे. व्यापारी अशी अट मानतात का?

असा सुटा माल दुसऱ्याच्या नावाने देऊन स्वतःचे नावही टिकवलेले कोणी येथे असल्यास, दोन्हींचे प्रमाण किती ठेवले आणि लेखी करारात काय घातले, ते कृपया सांगावे. शिवाय, अर्ज आईच्या नावाने करावा की माझ्या, आणि केवळ शब्द नोंदवावा की चित्रासह, याबद्दलही अनुभवी सभासदांचे मत हवे आहे. जुनी 1,500 पाकिटे अजून शिल्लक आहेत. ती संपेपर्यंत त्यांवर 'बायआते'ची चिकटपट्टी लावून चालेल, की एकदम नवीनच छापावीत?

व्यापाऱ्याला दिवाळीपूर्वी उत्तर द्यायचे आहे.