बेंबीचा हर्निया, भोक २ सेंमी : जाळी लागतेच का?

चाफेकळी
वडील ५८ वर्षांचे, मधुमेह आहे. बेंबीपाशी लिंबाएवढा फुगवटा, आडवं पडलं की आत जातो. सोनोग्राफीत पोटाच्या भिंतीतलं भोक २ सेंमी. सर्जन ओपन करून जाळी घालू म्हणतात. नुसत्या टाक्यांवर भागणार नाही का? दुर्बिणीतून केलेलं बरं का?

टाकेदोरा
फुगवट्यावर जाऊ नका, भोकाचं माप महत्त्वाचं. १ सेंमीच्या वर जाळी, असाच सध्याचा सल्ला आहे. नुसते टाके घातले तर खोकला-शिंकेचा सगळा ताण दोऱ्यावर येतो आणि दोरा भोकाची कड हळूहळू कापत जातो. जाळी तो ताण वाटून घेते. म्हणूनच ती भोकाच्या चहूबाजूंनी साधारण ३ सेंमी जास्त ठेवतात.

बेंबीच्या कडेला चंद्रकोरीसारखा छेद घेतात. हर्नियाची पिशवी (भोकातून बाहेर आलेलं पोटाचं अस्तर) कातडीपासून सोडवतात, आतली चरबी (बहुतेकदा चरबीच असते, आतडं नाही) परत पोटात ढकलतात, पोटाच्या आतल्या अस्तराच्या पुढे जाळी पसरतात, वर भोक शिवतात. शेवटी बेंबीचा तळ टाक्याने खाली बसवतात, नाहीतर बेंबी सपाट दिसते. तासाभराचं काम.

२ सेंमीला ओपन उत्तम. दुर्बिणीला पूर्ण भूल लागते आणि जाळी पोटाच्या आत ठेवायची तर आतड्याला न चिकटणारी, महाग जाळी घ्यावी लागते. भोक मोठं किंवा वजन फार असेल तर मात्र दुर्बिणीचा विचार जरूर करावा.

रात्रपाळी
मधुमेह आहे म्हणून आधीची तयारी नीट करा. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८ च्या वर असेल आणि हर्निया त्रास देत नसेल, तर आधी साखर आटोक्यात आणा. मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का बघा. ती साधारण ३ दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी साखर ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. भूलतज्ज्ञांना गोळ्यांची पाकिटंच दाखवा, मनाने काही बंद करू नका. बिडी-सिगारेट असेल तर किमान ४ आठवडे आधी सोडायला हवी.

बेंबीतला मळ आदल्या दिवशी साबण-पाण्याने काढा. घरी वस्तरा फिरवू नका, बारीक कापलं की तिथेच जंतू शिरतात.

ऑपरेशननंतर उठताना सरळ उठून बसायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपरावर भार देऊन उठायचं. खोकला आला तर घडी केलेला टॉवेल जखमेवर दाबून धरायचा. ट्रामाडॉलसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी शौचाला खडा होतो, म्हणून इसबगोल आणि भरपूर पाणी. ४ ते ६ आठवडे पाण्याची भरलेली बादली उचलायची नाही. चालणं मात्र त्याच संध्याकाळी सुरू. मणक्यात भूल दिली असेल तर घरी सोडण्याआधी लघवी झालीच पाहिजे.

चाफेकळी
आणि त्याच जागी पुन्हा फुगलं तर?

टाकेदोरा
पहिल्या आठवड्यांत बहुधा पाणी साठलेलं असतं. ते आडवं पडल्यावर आत जात नाही. तपासणीत दाखवा, पण सुईने काढायची घाई नको, जंतू जाळीपर्यंत पोचू शकतात. बहुतेकदा ६ आठवड्यांत आपोआप जिरतं. लाली पसरली, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

ऑपरेशनची तारीख लांब असेल तर हेही ध्यानात ठेवा : फुगवटा कडक झाला, आत जाईना, खूप दुखू लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर दाबून आत घालत बसू नका. खायला-प्यायला काही न देता थेट इमर्जन्सीत न्या.